इलेक्ट्रिक गाडीत स्टेपनी ठेवली, तरी ऐन वेळी ती बसत का नाही?

स्टेपनीशिवाय विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालकांची एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. पहिल्या पंक्चरला कंपनीने दिलेली सीलंटची, म्हणजे टायरचं भोक आतून बुजवणाऱ्या चिकट द्रवाची बाटली उपयोगी पडली नाही, गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून न्यावी लागली, तेव्हा शहाणं होऊन कुठून तरी एक स्टेपनी मिळवली आणि डिकीत टाकली. पुढच्या पंक्चरला ती बाहेर काढली, तर चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या तबकडीला ते आवळतात तिच्यावर, बसेना. किंवा बसलं, पण फिरवताच आतून ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्कला चिमट्यासारखा धरणाऱ्या भागाला) घासायला लागलं. किंवा चाक नीट बसलं, पण जॅक गाडीखाली शिरेना. किंवा सगळं जमलं आणि पाहिलं तर स्टेपनीतच हवा नव्हती. शेवट पुन्हा फ्लॅटबेड.

या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे. ज्या गाडीचं डिझाइनच स्टेपनी गृहीत न धरता झालं, तिच्यात स्टेपनी हे काम आपल्याला स्वतः पुरं करावं लागतं. फक्त चाक मिळवून ते पुरं होत नाही. चाक, नट, जॅक, पाना, हवेचा पंप, चाक बांधायचा पट्टा आणि पंक्चर झालेलं मूळ चाक ठेवायची जागा, हे सगळं मिळून स्टेपनी होते. आणि ते चाक मोकळ्या वेळी, सपाट जमिनीवर, निदान एकदा पुढे आणि एकदा मागे चढवून पाहिलेलं नसेल, तर माझ्या मते तुमच्याकडे स्टेपनी नाही, डिकीत पंधरा-वीस किलोचं ओझं आहे.

बाटली कुठे कमी पडते

गाडीच्या तळाशी बॅटरीचा सपाट पत्रा चाकापासून चाकापर्यंत पसरलेला असतो. पेट्रोल गाडीत डिकीच्या फरशीखाली स्टेपनीसाठी जी खोलगट जागा असायची, ती इथे मागच्या मोटरने, सस्पेन्शनने किंवा चार्जिंग केबलच्या कप्प्याने घेतलेली असते. शिवाय वजन आणि खर्च दोन्ही वाचतात. म्हणून सीलंटची बाटली आणि छोटा पंप देऊन कंपन्या मोकळ्या होतात. टेस्लाच्या मॉडेल ३ सारख्या काही गाड्यांबरोबर तर तेही मूळ किमतीत येत नाही. शेव्हरोले बोल्टसारख्या काहींना आतून आपोआप भोक बुजवणारे टायर दिले गेले. ते बारीक खिळ्याला उत्तम, पण फाटलेल्या टायरला त्यांचाही उपयोग नाही.

सीलंट साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक बुजवतं, आणि तेही टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली, खड्ड्याच्या कडेला आपटून टायर रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटला, किंवा रिम वाकली, तर सीलंट पंपाबरोबर नुसतं बाहेर येतं. इलेक्ट्रिक गाड्यांत नेमके हेच प्रकार जास्त त्रास देतात, कारण गाडी वजनाने जड आणि बऱ्याच गाड्यांचे टायर १८, १९, २० इंची रिमवरचे, कमी उंचीच्या साइडवॉलचे. खड्ड्याचा मार झेलायला रबर कमी उरतं.

बाटलीला मुदत असते, ती बहुतेकांना माहीत नसते. तारीख बाटलीवरच छापलेली असते. आतून फोमचा थर असलेल्या टायरला कुठलं सीलंट चालतं, हेही मॅन्युअलमध्ये आधीच पाहून ठेवा. आणि एकदा सीलंट वापरलं, की पंक्चर काढणाऱ्याला ते आवर्जून सांगा. आतला चिकट द्रव साफ करावा लागतो, हवेचा सेन्सरही पुसून तपासावा लागतो.

इलेक्ट्रिक गाडीबाबत आणखी एक अडचण आहे, जी या सगळ्याला गंभीर करते. मोटर जी चाकं फिरवते ती जमिनीवर ठेवून तिला दोरीने ओढून नेता येत नाही. चाकं फिरली की मोटर फिरते, वीज तयार होते, आणि यंत्रणा बंद असताना ते मोटरला आणि तिला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरला घातक ठरू शकतं. त्यामुळे गाडी अडली की मदतीचा प्रकारही बहुधा एकच उरतो, फ्लॅटबेड. तो जिथे तासन्तास येत नाही अशा रस्त्यावर जाणाऱ्याने स्टेपनीचा विचार करायलाच हवा.

"बोल्टची भोकं जुळली म्हणजे चाक बसतं" हा समज

बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबून सगळं पाहू.

पहिलं माप पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. ५×११४.३ हे माप फार गाड्यांना आहे. टेस्ला मॉडेल ३, निसान लीफ, ह्युंदाई आयोनिक ५ या तिन्हींचं तेच. फोक्सवॅगन आयडी.४ ला ५×११२, शेव्हरोले बोल्टला ५×१०५. आता ११२ आणि ११४.३ मध्ये फरक जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा, आणि म्हणून कुणीतरी सांगतं की "जरा जोर लावला की बसतं." बसत नाही. नट तिरके घुसतात, घट्ट झाल्यासारखे वाटतात आणि चालत्या गाडीत सैल होतात. हा सल्ला देणाऱ्याकडून चाक घेऊ नका.

दुसरं माप चाकाच्या मधल्या भोकाचं. पीसीडी सारखा असला तरी हे वेगळं असू शकतं. मॉडेल ३ ला ते ६४.१ मिलिमीटर, लीफला ६६.१, आयोनिक ५ ला ६७.१. चाकाचं भोक हबपेक्षा लहान असेल तर चाक हबवर टेकतच नाही, विषय संपला. मोठं असेल तर चाक चढतं, पण ते मध्यावर धरून ठेवणारं काही नसतं. सगळा भार नटांवर येतो आणि गाडी थरथरते. यासाठी प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सेंटरिंग रिंगा मिळतात. नेमक्या मापाची रिंग स्टेपनीच्या भोकात आधीच बसवून ठेवा. ती वेगळ्या पिशवीत ठेवली, तर अंधारात हटकून सापडणार नाही.

तिसरा अडथळा कॅलिपरचा. लोक विचार करतात की बारीक स्टेपनी म्हणजे लहान रिम, १५ किंवा १६ इंची. पण गाडीला १८ इंची रिम दिली आहे ती नुसती शोभेसाठी नाही. आत मोठी डिस्क आणि जाड कॅलिपर आहे. लहान रिम त्यावर चढणार नाही, किंवा पुढे घासेल आणि मागे बसेल. एकाच मॉडेलच्या जास्त ताकदीच्या प्रकाराला पुढचे ब्रेक मोठे असतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या त्याच नावाच्या गाडीला बसलेली स्टेपनी तुमच्या गाडीला बसेलच असं नाही. रिमच्या आतल्या बाजूचा आकार आणि ऑफसेट, म्हणजे चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं ते, हेही इथेच कळीचं ठरतं. कागदावर सगळी मापं जुळूनही दोन-तीन मिलिमीटरसाठी चाक घासतं. म्हणून प्रत्यक्ष चढवून पाहण्याला पर्याय नाही.

चौथं माप बाहेरच्या व्यासाचं, आणि हे घरबसल्या काढता येतं. समजा तुमचा टायर २३५/४५ आर १८ आहे. रिमचा व्यास १८ गुणिले २५.४ म्हणजे ४५७ मिलिमीटर. साइडवॉलची उंची २३५ च्या ४५ टक्के म्हणजे साधारण १०६, वर-खाली मिळून २१२. एकूण ६६९. आता स्टेपनी पाहू. बारीक, तात्पुरत्या स्टेपनीचं माप "टी" ने सुरू होतं. टी १२५/७० १७ चा व्यास येतो ६०७, म्हणजे मूळ चाकापेक्षा नऊ टक्के लहान. टी १५५/७० १७ चा येतो ६४९, तीन टक्के लहान. टी १४५/८० १७ चा ६६४, जेमतेम अर्धा-पाऊण टक्का लहान. तिन्ही १७ इंचीच, पण पहिली मी घेणार नाही, दुसरी नाइलाजाने, तिसरी आनंदाने. तीन टक्क्यांच्या आत राहा, हा ढोबळ नियम आहे. त्याचं कारण पुढे डिफरन्शियलच्या (एका आसावरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या) आणि डॅशबोर्डवरच्या दिव्यांच्या संदर्भात येईलच.

पाचवं माप भाराचं. टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा असतो, तो लोड इंडेक्स. ९५ म्हणजे ६९० किलो, ९८ म्हणजे ७५० किलो, १०० म्हणजे ८००, १०७ म्हणजे ९७५. गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर पुढच्या आणि मागच्या आसावर जास्तीत जास्त किती भार चालतो ते लिहिलेलं असतं. त्याची निम्मी वाटणी एका चाकाला. हलक्या पेट्रोल गाडीची जुनी स्टेपनी इथे अनेकदा कमी पडते. बॅटरीमुळे इलेक्ट्रिक गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा काही शे किलोंनी जड असते, आणि वर माणसं, सामान. हा आकडा पुरा पडत नसेल तर बाकी सगळं जुळलं तरी ते चाक सोडून द्या.

राहिले नट. यात दोन गोष्टी बघायच्या. एक, नटाच्या टेकणाऱ्या तोंडाचा आकार. काही चाकांना शंकूच्या आकाराचं तोंड लागतं, काहींना गोल. अलॉय चाकाचे नट लोखंडी स्टेपनीला चालतीलच असं नाही. दोन, ज्या गाड्यांना नटांऐवजी बोल्ट असतात, आयडी.४ सारख्या, तिथे बोल्टची लांबी. अलॉय चाक जाड असतं, लोखंडी पातळ. अलॉयचे लांब बोल्ट पातळ चाकातून फार आत जातात आणि हबच्या मागे कशाला तरी टेकतात. तेव्हा बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण चाक मात्र सैलच राहतं. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. स्टेपनीसाठी वेगळे नट किंवा बोल्ट लागत असतील तर ते एका कापडी पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधून ठेवा.

इतकं सगळं वाचून मन कचरत असेल, तर एक सोपी वाट आहे. तुमच्याच मॉडेलचं, तुमच्याच प्रकाराचं एक पूर्ण मापाचं चाक. पीसीडी, भोक, ऑफसेट, व्यास, भार, सगळं आपोआप जुळतं. जागा जास्त लागते आणि वजन वीस किलोच्या वर जातं, इतकंच. अपघातात मोडलेल्या गाड्यांचे भाग विकणाऱ्यांकडे अशी चाकं मिळतात. घेताना रिम वाकलेली नाही हे बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवून पाहा.

चढवून पाहताना काय बघायचं

पुढचं एक चाक काढा, स्टेपनी चढवा, सगळे नट लावा आणि हाताने चाक पुरी फेरी फिरवा. घासल्याचा जराही आवाज आला तर कुठून येतो ते टॉर्चने पाहा. चाकाच्या आतली वजनं, म्हणजे बॅलन्सिंगच्या पट्ट्या, कधीकधी कॅलिपरला लागतात. तेवढ्यावर चाक नाकारू नका, पट्टी दुसऱ्या जागी लावून घ्या. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून पुन्हा फिरवा. गाडी खाली घेतल्यावर, भार पडल्यावर, अगदी हळू थोडं पुढे-मागे चालवून ऐका. हेच मागच्या चाकाला. तिथे बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकची मोटर कॅलिपरवर बसवलेली असते, ती रिमला लागत नाही ना ते पाहा.

याच वेळी आणखी एक गोष्ट कळते. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांच्या रिमवर हवेचा विरोध कमी करणारी प्लास्टिकची झाकणं असतात आणि नट त्यांच्या आड लपलेले असतात. ते झाकण कसं निघतं, नटांवरच्या टोप्या काढायला आकडा लागतो का, चोरीविरोधी नट असेल तर त्याची चावी गाडीत कुठे आहे, हे रस्त्यात शोधायची वेळ येऊ नये.

जॅक आणि बॅटरी

चुकीच्या चाकाने गाडी अडते. चुकीच्या जागी लावलेल्या जॅकने बॅटरीच खराब होते. गाडीखाली वाकून पाहिलं की मोठा सपाट पत्रा दिसतो, आणि जॅक टेकवायला तीच जागा मजबूत वाटते. तो बॅटरीचा तळ आहे. तिथे जॅक लावायचा नाही, अगदी लाकडाची फळी मध्ये घालूनही नाही. मॅन्युअलमध्ये चार जागा दाखवलेल्या असतात, फक्त तिथेच. काही गाड्यांत, मॉडेल ३ मध्येही, त्या जागी गोल भोक असतं आणि त्यात बसणारी रबरी गोटी वेगळी घ्यावी लागते. ती असली की जॅक सरकून बॅटरीच्या कडेला लागत नाही. तिला पर्याय म्हणून काहीही वापरू नका.

जॅक निवडताना दोन उंच्या मोजा. पहिली, टायर पूर्ण बसलेला असताना जॅकच्या जागेची जमिनीपासूनची उंची. गाडी त्या कोपऱ्यात बरीच खाली आलेली असते, आणि नेहमीच्या उंचीवर मोजून घेतलेला जॅक मग शिरत नाही. ही उंची चाचणीच्या वेळी टायरमधली हवा काढून मोजता येते. दुसरी, हवा भरलेलं चाक जमिनीपासून सुटेल इतका वर जॅक जातो का. ताकद दोन टनांची हवी. जमीन मऊ असेल तर जॅकखाली ठेवायला एक जाड फळी.

हवेचं सस्पेन्शन असलेल्या गाडीत, टेस्ला मॉडेल एस हे एक उदाहरण, जॅक लावण्याआधी स्क्रीनवरून जॅक मोड चालू करावा लागतो. नाहीतर गाडी स्वतःच पातळी साधायला जाते आणि जॅकवरची गाडी हलते.

आणि अटकण. उचलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळा लावल्याशिवाय गाडी उचलू नका, पार्किंग ब्रेक लावलेला असला तरी. काही गाड्यांत "पी" म्हणजे पुढच्या गिअरमध्ये अडकवलेला खिळा असतो, लीफमध्ये तसा आहे. तो डिफरन्शियलच्या आधी धरतो. त्यामुळे पुढचं एक चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरू शकतं, आणि त्याबरोबर जमिनीवरचं दुसरंही. उतारावर हे किती धोक्याचं आहे हे सांगायला नको. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धी फेरी सैल करा, उचलल्यावर जोर लावू नका. गाडी बंद करा, किल्ली किंवा फोन अंगावर ठेवून वारंवार दार उघडू नका, काही गाड्या त्याने जाग्या होतात. आणि कुठे नारिंगी रंगाची केबल दिसली, तर तिला हात लावायचा नाही. ती उच्च दाबाच्या विजेची आहे.

काढलेलं चाक कुठे ठेवणार?

स्टेपनी बारीक म्हणून फरशीखालच्या कप्प्यात बसते, यावर लोक खूश होतात. पण पंक्चर झालेलं मूळ चाक पूर्ण मापाचं आहे, ६७ सेंटिमीटर व्यासाचं आणि २३-२४ सेंटिमीटर रुंद, चिखलाने माखलेलं. ते त्या कप्प्यात जाणार नाही. डिकी सामानाने भरलेली, मागे माणसं बसलेली. प्रवासाला निघण्याआधीच ठरवा की हे चाक कुठे जाईल आणि त्यासाठी कोणतं सामान मांडीवर घ्यावं लागेल. एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी स्टेपनीबरोबर ठेवा.

पुढच्या बॉनेटखालच्या कप्प्यात चाक मावलं, तरी तिथे ठेवू नका असं माझं मत आहे. तो भाग धडकेत चेपण्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. घट्ट लोखंडी रिम तिथे नको. छतावर बांधणं तर नकोच, वाऱ्याचा विरोध वाढून रेंज लक्षात येण्याइतकी घटते. डिकीत ठेवलेल्या स्टेपनीने मात्र रेंजला फारसा धक्का बसत नाही. एकोणीसशे किलोच्या गाडीत वीस किलो म्हणजे एक टक्का वजन, आणि वजनाचा वाटा एकूण खर्चातल्या फक्त काही भागात. रेंजच्या भीतीने स्टेपनी टाळणाऱ्यांनी ही काळजी सोडावी.

काळजी करायची ती बांधण्याची. गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असताना धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या चौदापट जोर येतो. वीस किलोचं चाक त्या क्षणी २८० किलोच्या जोराने मागच्या सीटवर आदळेल. म्हणून डिकीतल्या लोखंडी कड्यांना रॅचेटच्या पट्ट्याने, पट्टा चाकाच्या मधल्या भोकातून घेऊन, घट्ट बांधा. चाक आडवं ठेवून सीटच्या पाठीला टेकवलेलं असेल तर आणखी चांगलं. नुसतं वर सामान रचून दाबून ठेवणं म्हणजे बांधणं नव्हे.

कोणत्या चाकाच्या जागी, आणि दिवे का पेटतात

स्टेपनीचा व्यास मूळ चाकाच्या अगदी जवळचा असेल, तर पंक्चर झालेल्या जागीच लावा आणि हळू जा. फरक तीन टक्क्यांच्या आसपास असेल, तर ती मोटर ज्या आसाला फिरवते तिथे लावू नये. कारण लहान चाक जास्त फेऱ्या मारतं आणि डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही वळणावर असल्यासारखं सतत काम करावं लागतं. पुढच्या चाकांनी ओढली जाणाऱ्या गाडीचं पुढचं चाक गेलं, तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. दोनदा जॅक लावावा लागतो, पण करा. मात्र पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असलेल्या गाडीत हे करता येत नाही, हे आधीच तपासा. दोन मोटरींच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या आसांना जोडणारा दांडा नसतो, त्यामुळे त्या जोडणीची झीज हा प्रश्न तिथे नाही. पण चाकांच्या वेगातला फरक इलेक्ट्रॉनिक्सला दिसतोच.

म्हणूनच दिवे. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत स्टेपनीमध्ये सेन्सर नसतो, म्हणून दिवा आधी उघडझाप करतो आणि मग लागून राहतो. सेन्सर नसलेल्या, चाकाच्या फेऱ्यांवरून अंदाज बांधणाऱ्या गाडीत लहान स्टेपनी जास्त फिरते आणि गाडीला वाटतं त्या टायरची हवा उतरली आहे. दोन्ही दिवे अपेक्षित आहेत. एबीएस किंवा ट्रॅक्शनचा दिवाही लागून राहिला, किंवा गाडी विनाकारण ताकद कमी करायला लागली, तर व्यासातला फरक जास्त आहे असं समजा आणि वेग आणखी कमी करा. अनुकूली क्रूझ (समोरच्या गाडीनुसार वेग आपोआप सांभाळणारी सोय) आणि लेन सांभाळणारी मदत स्टेपनीवर असताना बंदच ठेवा.

रीजनरेशनकडे, म्हणजे मोटरने ब्रेक लावून वीज परत मिळवण्याकडे, बहुतेकांचं लक्ष जात नाही. पाय उचलताच गाडी मोटरनेच ब्रेक लावते, आणि तो सगळा जोर ओढणाऱ्या चाकांवर पडतो. त्यातलं एक चाक १४५ मिलिमीटर रुंदीचं असेल तर ओल्या रस्त्यावर पकड सुटायला वेळ लागत नाही. गाडीत सोय असेल तर रीजनरेशन सर्वांत कमी पातळीवर ठेवा, पाय हळू उचला, हळू दाबा. बारीक स्टेपनीवर वेगाची कमाल मर्यादा सहसा ताशी ८० किलोमीटर असते आणि ती टायरवरच लिहिलेली असते.

हवा, वय आणि पंप

"टी" ने सुरू होणाऱ्या मापाच्या बारीक स्टेपनीत ६० पीएसआय, म्हणजे ४२० किलोपास्कल हवा लागते. नेहमीच्या टायरसारखी ३५-४० भरून ठेवली, तर गाडीचं वजन पडताच ती चपटी होते आणि तापते. हवा आपोआप हळूहळू उतरत राहते, म्हणून मूळ टायरची हवा तपासाल तेव्हा हिचीही तपासा. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला, हात पोचेल असा ठेवून चाक बांधलं की हे काम टळत नाही.

टायरचं वय साइडवॉलवरच्या चार आकडी खुणेवरून कळतं. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जुन्या गाडीतून काढलेली स्टेपनी घेताना रिमच्या चमकेपेक्षा हे आकडे आधी वाचा. न वापरलेलं रबरही कडक होतं, आणि दहा वर्षांवरचा टायर मी कुणालाही सुचवणार नाही.

पंप १२ व्होल्टवर चालत असेल, तर हवा भरताना गाडी चालू ठेवा. इलेक्ट्रिक गाडीतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती मोठ्या बॅटरीतून भरली जाते ती मुख्यतः गाडी चालू असताना. गाडी बंद ठेवून पंप चालवत राहिलात, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही छोटी उतरते, आणि मग गाडी सुरूच होत नाही.

स्टेपनी नको असेल तर

रोजचा प्रवास गावातल्या गावात, मदत लवकर मिळणारी, डिकी कायम भरलेली, अशांनी रोज वीस किलो वागवायची गरज नाही. चाक घरी ठेवा आणि लांब निघताना बांधा. रोजच्यासाठी ट्यूबलेस टायरची रबरी वाती घालून पंक्चर काढायची पेटी आणि चांगला पंप पुरे आहे. बहुतेक पंक्चर खिळ्याचेच असतात, आणि टायर रिमवरून न काढता वात घालून गाडी निघते. फोमचा थर असलेल्या टायरलाही वात घालता येते, फक्त सुई फोमपार नीट जायला हवी. साइडवॉलला वात घालायची नाही. ती तात्पुरती धरल्यासारखी दिसते आणि वेगात सुटते.

चाक लावल्यावर

नट हाताने सरळ फिरवून टेकवा, मग एकाआड एक, ताऱ्यासारख्या क्रमाने आवळा. शेवटचा आवळ गाडी जमिनीवर आल्यावर, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरावर आवळणाऱ्या पान्याने. मॉडेल ३ ला १७५ न्यूटन मीटर लागतात, शेव्हरोले बोल्टला १४०, लीफला १०८. फरक मोठा आहे, म्हणून "अंगाचा जोर लावून घट्ट" यावर विसंबू नका. आपल्या गाडीचा आकडा स्टेपनीच्या रिमवर आतून रंगाने लिहून ठेवा, हवेचा आकडाही तिथेच. ५० ते ८० किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा एकदा नट तपासा. मूळ चाक परत बसवाल तेव्हाही तेवढंच अंतर गेल्यावर ते तपासा. आणि त्याच दिवशी स्टेपनी धुऊन, तिची हवा पुन्हा ६० वर आणून, नटांची पिशवी तिला बांधून डिकीत पट्ट्याने आवळून टाका.